‘मला अडकवलं’ हे कोर्टात कसं सिद्ध करायचं? लाचेच्या सापळा-खटल्यातील बचाव, पायरीपायरीने

‘वकीलसाहेब, मला अडकवलं.’ लाचलुचपतच्या सापळ्यात सापडलेला माणूस जामिनावर सुटून समोर बसला की पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. काही वेळा ते खरं असतं. जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत: वर्षानुवर्षं लोकांना नाडणारा आणि शेवटी सापडलेला कर्मचारी, आणि जुन्या रागातून खिशात नोटा कोंबून बदनाम केलेला माणूस. दुसऱ्याला वाचवायचं असेल तर ‘अडकवलं’ या शब्दाने काम भागत नाही. ते कुठल्या कागदातून आणि कुणाच्या साक्षीतून दाखवायचं हे पहिल्या आठवड्यातच ठरवावं लागतं. लेख महाराष्ट्रातल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या, म्हणजे एसीबीच्या, सापळ्यांबद्दल आहे. वेषांतर करून किंवा तक्रारदाराला पुढे करून पोलीस गुन्हा पकडतात, त्याचा आपल्याकडचा सगळ्यात नेहमीचा प्रकार हाच.

आधी कायदा समजून घ्या

अमेरिकेत ‘पोलिसांनीच गुन्ह्याला प्रवृत्त केलं’ हा स्वतंत्र बचाव आहे. दारूबंदीच्या काळात नॉर्थ कॅरोलायनात एका साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने सॉरेल्स नावाच्या माणसाशी पहिल्या महायुद्धातल्या एकाच डिव्हिजनची ओळख काढली, पुन्हा पुन्हा गळ घातली आणि अर्धा गॅलन व्हिस्की मिळवली. १९३२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सॉरेल्सला हा बचाव मांडू द्यायला हवा होता असं ठरवलं. तिकडे राहणारे नातेवाईक फोनवर ‘तुम्ही हे का नाही वापरत?’ असं विचारतात, म्हणून सांगतो: भारतीय न्याय संहितेत किंवा लाचलुचपत प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये असं कलमच नाही.

पण आपल्या न्यायालयांनी पोलिसांना मोकळं रानही दिलेलं नाही. राव शिव बहादूर सिंग या विंध्य प्रदेशाच्या मंत्र्याच्या खटल्यात, १९५४ साली, सर्वोच्च न्यायालयाने एक रेघ मारली. भ्रष्टाचार पकडायला सापळा लावावा लागतो हे मान्य, पण ज्याच्याकडे पैसे नाहीत आणि जो ते उभेही करू शकत नाही, त्याला पोलिसांनी स्वतः पैसे पुरवून लाच घडवून आणणं समर्थनीय नाही. दोनच वर्षांनी रामजनम सिंग विरुद्ध बिहार या खटल्यात न्यायालयाने आणखी बारीक फरक सांगितला. गुन्हा करायला स्वतःच निघालेल्या माणसाला उघडं पाडणं वेगळं, आणि ज्याने तो विचार सोडून दिला आहे त्याला चिथावून पुन्हा त्या वाटेला लावणं वेगळं. माणसाच्या सहनशक्तीपलीकडचा मोह कायद्याच्या रखवालदारांनीच त्याच्यापुढे ठेवू नये, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता याचा व्यवहारातला अर्थ. सापळा अयोग्य होता एवढ्याने आपल्याकडे खटला आपोआप कोसळत नाही. चुकीच्या मार्गाने मिळवलेला पुरावासुद्धा केवळ त्या कारणाने बाद होत नाही. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. डॉक्टरांकडे पैसे मागतानाचा त्यांचा फोन पोलिसांनी दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने टेप केला होता, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. म्हणून ‘अडकवलं’ या तक्रारीला कोर्टात एकच उपयोगी रूप देता येतं: पोलीस येण्याआधी मी पैसे मागितलेच नव्हते, मागणी तक्रारदाराने आणि सापळ्याने तयार केली. पुढची प्रत्येक पायरी ‘मागणी’ या एका शब्दाभोवती फिरते.

पी. सत्यनारायण मूर्ती (२०१५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या नोटा सापडल्याने गुन्हा सिद्ध होत नाही. त्याआधी १९७९ च्या सूरजमल खटल्यातही हेच तत्त्व होतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. लाचलुचपत कायद्याच्या कलम ७ खाली पैसे मिळवण्याचा प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. मागणी पक्की असेल तर ‘मी पैसे हातात घेतलेच नाहीत’ म्हणून सुटका नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात.

पहिली पायरी: सापळ्याच्या क्षणी आणि त्या रात्री

नोटांना पावडर लावलेली असते. फिनॉल्फ्थॅलीन असेल तर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटं बुडवली की पाणी गुलाबी होतं. अँथ्रासीन असेल तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटं निळसर चमकतात. हे दृश्य भीतिदायक असतं, आणि माणूस नेमका तेव्हाच चुकतो. नोटा फेकणं, पळणं, हात धुवायला धावणं, पंचांशी झटापट करणं, यातलं काहीही करू नका. पावडर फक्त नोटांना हात लागला एवढंच सांगते, का लागला ते सांगत नाही. तुमची पळापळ मात्र ‘का’ सांगून टाकते.

खरं स्पष्टीकरण असेल तर ते त्याच वेळी, दोन वाक्यांत द्या आणि पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा: ‘हे त्याने मागच्या महिन्यात घेतलेले उसने पैसे परत केले’, ‘ही मोजणी फी आहे, पावती करणार होतो’, ‘मी नको म्हणत असताना त्याने ड्रॉवरमध्ये टाकले’. तत्काळ दिलेल्या स्पष्टीकरणाला वजन असतं. तेच दोन वर्षांनी पहिल्यांदा आलं तर सरकारी वकील त्याला ‘पश्चात्बुद्धी’ म्हणतात, आणि न्यायालय बहुधा त्यांच्याशी सहमत होतं. सांगण्यासारखं काही नसेल तर गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) ने दिलेला आहे. घाबरून बनवलेली गोष्ट कधीही सांगू नका. ती पंचनाम्यात उतरते आणि शेवटपर्यंत मानगुटीवर बसते.

अटकेची कारणं लेखी मागा. चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे हजर करणं बंधनकारक आहे. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की राज्य सरकारी कर्मचारी १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार निलंबित झाल्याचं मानलं जातं, म्हणून जामिनासाठी पहिल्या दिवसापासून धावपळ करावी लागते. आवाजाचा नमुना मागितला तर नकार देऊन हाती काही लागत नाही. रितेश सिन्हा (२०१९) या निकालानंतर दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये ते स्पष्टच लिहिलं आहे.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. तक्रारदाराच्या घरी कुणालाही पाठवू नका. मेहुणा नको, गावचा पुढारी नको, समाजाची बैठकही नको. यात जामीन रद्द होतो, वर नवा गुन्हा दाखल होतो. आणि तक्रारदार फितूर झाला की खटला संपला ही समजूत आता जुनी झाली आहे, त्याबद्दल पुढे बोलतो.

दुसरी पायरी: कागद गोळा करा

दोषारोपपत्र आलं की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली सगळ्या प्रती मिळण्याचा हक्क आहे. ती जाडजूड फाईल पाहून लोक आधी सापळ्याचा पंचनामा उघडतात. तुम्ही आधी पडताळणी पंचनामा उघडा.

महाराष्ट्रात तक्रार आली की एसीबी बहुधा थेट सापळा लावत नाही. आधी तक्रारदाराला व्हॉइस रेकॉर्डर देऊन, दुसऱ्या सरकारी कार्यालयातला एक पंच सोबत पाठवून आरोपीकडे पाठवलं जातं. मागणी खरंच आहे का हे तपासायचं असतं. याला पडताळणी म्हणतात. पोलिसांची सावली पडण्याआधीची मागणी कुठे नोंदली गेली असेल तर ती इथेच.

हे सगळं लेखी अर्ज करून मागा: पडताळणीच्या प्रत्येक खेपेची ध्वनिफीत, फसलेल्या खेपांसह, मूळ मेमरी कार्ड जप्त करून सील केल्याचा पंचनामा, पंच पाठवण्याबद्दल त्यांच्या कार्यालयाला दिलेलं पत्र, एसीबीची स्टेशन डायरी आणि वाहनाची लॉगबुक. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत आरोपीला मिळाली पाहिजे हे पी. गोपालकृष्णन (२०१९) या निकालाने पक्कं केलं आहे. तीन वेळा पडताळणीला जाऊन दोन वेळा मागणी झालीच नाही आणि तिसऱ्यांदा ‘झाली’, तर त्या पहिल्या दोन ध्वनिफिती तुमच्यासाठी सगळ्यात मौल्यवान पुरावा आहेत. दोषारोपपत्रात त्या नसण्याची शक्यता असते. म्हणून नाव घेऊन मागा.

मोबाइलच्या कॉल नोंदीही लगेच जतन करून घेण्याचा अर्ज द्या. कंपन्यांना त्या ठरावीक काळापर्यंतच ठेवाव्या लागतात, आणि खटला उभा राहीपर्यंत वर्षं उलटतात. महिनाभरात तक्रारदाराने तुम्हाला चाळीस फोन केले आणि तुम्ही त्याला एकही केला नाही, तर कोण कुणाच्या मागे लागलं होतं हे सांगायला साक्षीदाराची गरज उरत नाही.

तिसरी पायरी: ध्वनिफीत स्वतः ऐका, कागदावर विसंबू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पोलिसांनी टंकलिखित केलेला संवाद आणि प्रत्यक्ष आवाज यांत अनेकदा फरक असतो. नमुन्यादाखल मी रचलेला उतारा पाहा:

तक्रारदार: साहेब, ते आणलंय.
आरोपी: काय?
तक्रारदार: ते… आपलं ठरलेलं.
आरोपी: बस ना. चहा घेणार?
तक्रारदार: पाच आहेत. मोजून घ्या.
आरोपी: (अस्पष्ट) ठेव.

पंचनाम्यात याचं सार असं येईल: ‘आरोपीने तडजोडीअंती रु. ५,०००/- ची मागणी करून स्वीकारण्याचे मान्य केले.’ आता पुन्हा उतारा वाचा. पैशाचा विषय कुणी काढला? आकडा कुणाच्या तोंडून आला? आकडा आल्यावर आरोपीने ‘ठेव’ हा एकच शब्द उच्चारला, तोही ‘अस्पष्ट’ या शेऱ्यानंतर. तो नोटांबद्दल होता की हातातल्या अर्जाबद्दल?

याच संवादात आरोपी म्हणाला असता, ‘पाच नको, वरच्यांचं पण बघायचंय, सात कर’, तर बचाव जवळपास संपलाच. अशा वेळी वकिलाने अशिलाला खरं सांगावं, आशा लावून फी घेऊ नये.

ऐकताना वही घेऊन तीन गोष्टी लिहा: प्रत्येक विषय आधी कुणी काढला, आरोपी कुठे नकार देतो किंवा विषय टाळतो, आणि आवाज कुठे तुटतो. तुटलेल्या जागेची मिनिट-सेकंदासह नोंद करा. मग इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावं लागणारं प्रमाणपत्र तपासा. साक्ष अधिनियमाचं जुनं कलम ६५-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) या निकालाने स्पष्ट केलं आहे की मूळ उपकरण न्यायालयात आलं नाही आणि सीडीवर भिस्त असेल, तर हे प्रमाणपत्र लागतंच. नव्या कायद्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, द्यावी लागते. रेकॉर्डरमधून काढतानाची आणि प्रयोगशाळेत पोचलेली हॅश व्हॅल्यू जुळते का ते पाहा.

चौथी पायरी: काम खरंच अडलं होतं का

लाच कशासाठी मागितली याची गोष्ट तक्रारीत असते. ती कार्यालयाच्या दप्तराशी ताडून बघा. तलाठ्यावर आरोप आहे की फेरफारासाठी पैसे मागितले. फेरफार नोंद तलाठी घेतो, पण हितसंबंधितांना नोटीस, हरकतीची मुदत आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण अशी त्याची वाट आहे. मागणीची म्हणून सांगितलेली तारीख येण्याआधीच तलाठ्याने नोंद घेऊन ती वर पाठवली असेल, तर त्याच्या हातात अडवण्यासारखं काय राहिलं होतं? काम त्याच्याकडे प्रलंबित असणं ही गुन्ह्याची सक्तीची अट नाही. पण मागणीची गोष्ट खरी वाटावी की नाही हे इथे ठरतं.

वैराचा माग पण दप्तरातच सापडतो. आपण या तक्रारदाराचं अतिक्रमण काढलं होतं का, दंडाची नोटीस दिली होती का, वाळूची गाडी धरली होती का? त्या कागदांच्या प्रमाणित प्रती माहितीच्या अधिकारात काढून ठेवा. तोंडी वैर कोर्ट मानत नाही.

पाचवी पायरी: एकच बचाव निवडा

‘पैसे घेतलेच नाहीत’ आणि ‘ते उसने पैसे होते’ हे दोन्ही एकाच खटल्यात म्हणता येत नाही. म्हणणारे मात्र भरपूर असतात. नोटा अंगावर सापडल्या असतील तर त्या का आल्या याचं एकच, सुरुवातीपासून तेच आणि कागदाने आधारलेलं कारण हवं.

पुराव्याचा भार समजून घ्या. लाचलुचपत कायद्याच्या कलम २० खाली मागणी आणि स्वीकार सिद्ध झाले की ती रक्कम लाच होती असं न्यायालयाला गृहीत धरावंच लागतं. ते खोडताना आरोपीला संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही. शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरे, हे व्ही. डी. झिंगन (१९६६) पासून सी. एम. गिरीशबाबू (२००९) पर्यंत वारंवार सांगितलं गेलं आहे. पण मागणी सिद्ध होण्याआधी हे गृहीतक लागूच होत नाही, म्हणून सगळा जोर त्या उंबरठ्यावर लावायचा.

सहावी पायरी: उलटतपासणी

तक्रारदाराला विचारायचे प्रश्न साधे ठेवा. तुम्ही त्यांना किती वेळा भेटलात? त्यातल्या किती भेटी त्यांनी बोलावल्या म्हणून? पहिल्या भेटीत पैशाचा आकडा कुणी सांगितला? ‘चहापाणी’ हा शब्द कुणाचा? एसीबीकडे जाण्याचा सल्ला कुणी दिला? नोटा कुणाच्या होत्या? बहुतेक वेळा रक्कम तक्रारदारच आणतो. ती दुसऱ्या कुणी पुरवली असेल तर १९५४ चा निकाल इथेच उपयोगी पडतो.

पंचाची साक्ष त्याहून मोलाची. पन्नालाल दामोदर राठी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७९) हा आपल्याच राज्यातला निकाल प्रत्येक सापळ्याच्या खटल्यात हाताशी ठेवा. तक्रारदार म्हणाला की आरोपीने ‘पैसे आणले का’ असं विचारलं. सोबतच्या पंचाने मात्र आपल्या साक्षीत तसं काही सांगितलं नाही. तक्रारदाराच्या शब्दाला महत्त्वाच्या मुद्द्यावर दुजोरा हवा, आणि तो नव्हता म्हणून आरोपी सुटला. म्हणून पंच कुठे उभा होता, दार उघडं होतं की बंद, पंखा चालू होता का, त्याला नेमके कोणते शब्द ऐकू आले, हे एकेक करून काढा. ‘मागणी केली’ असं पंच म्हणाला तर तिथेच थांबू नका. ‘मागणी केली’ हा निष्कर्ष आहे, उच्चारलेले शब्द विचारा. पण आधीच्या जबाबात पंचाने शब्द स्पष्ट सांगितले असतील तर हा प्रश्न विचारू नका, उत्तर तुमच्याच अंगावर येईल.

तक्रारदार मेला किंवा फिरला तर? २०१४ च्या बी. जयराज निकालात तक्रारदाराने साथ सोडली आणि आरोपी सुटला, यावरून अनेकांनी चुकीचा धडा घेतला. १५ डिसेंबर २०२२ ला नीरज दत्ता खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी इतर साक्षीदार आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. गंमत म्हणजे पुढे मार्च २०२३ मध्ये त्याच खटल्यात तो पुरावा तपासल्यावर मागणी सिद्ध होत नाही म्हणून आरोपी निर्दोष सुटली. दार उघडं झालं आहे, पण त्यातून जायला सरकारी पक्षाला भक्कम पुरावा लागतोच. दोन्ही निकाल एकत्र वाचा.

सातवी पायरी: मंजुरी, जबाब, बचावाचे साक्षीदार

लाचलुचपत कायद्याच्या कलम १९ खाली खटला भरायला लागणारी मंजुरी सक्षम अधिकाऱ्याने दिली का आणि देताना ध्वनिफितीचा मजकूर त्याच्यासमोर होता का, हे विचारा. नुसत्या तांत्रिक त्रुटीवर मात्र भिस्त ठेवू नका. न्यायात बाधा आली हे दाखवल्याशिवाय ती उपयोगी पडत नाही.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायालय आरोपीचा जबाब घेतं, त्यात ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ अशी उत्तरं देऊन संधी घालवू नका. लेखी निवेदन द्या, त्यात तारखा आणि कागद असू द्या. लाचलुचपत कायद्याच्या कलम २१ नुसार आरोपी स्वतः शपथेवर साक्षही देऊ शकतो. मी बहुतेकांना त्यापासून परावृत्त करतो, कारण कसलेल्या सरकारी वकिलापुढे खरा माणूसही गोंधळतो. उसन्या पैशांचा बचाव असेल तर मात्र बँकेचा उतारा घेऊन ज्याच्यासमोर व्यवहार झाला तो साक्षीदार आणावाच लागतो.

खाजगी माणसाने किंवा वाहिनीने छुपा कॅमेरा लावून केलेल्या स्टिंगचा प्रश्न वेगळा आहे. रजत प्रसाद विरुद्ध सीबीआय (२०१४) या निकालात स्टिंग करणाऱ्यांना सरसकट संरक्षण नाही, त्यांचा हेतू तपासला जाईल असं सांगितलं आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, फक्त आधी यंत्रणेला कळवून दिली, किंवा सक्तीने द्यावी लागल्यावर सात दिवसांत कळवलं, तर त्याला सूट मिळते. मनाने सापळा रचायला निघालेल्यांनी आणि खऱ्या तक्रारदारांनीही हे वाचावं: मागणी झाली की आधी १०६४ वर फोन करा, मग पुढचं पाऊल टाका.

आठवी पायरी: निलंबन आणि खात्याची चौकशी

खटला चालू असताना घर कसं चालवायचं, हा प्रश्न कोर्टाच्या प्रश्नांइतकाच मोठा असतो. अजयकुमार चौधरी (२०१५) या निकालाने निलंबनाच्या आदेशाला तीन महिन्यांची मर्यादा घातली, त्या काळात दोषारोप बजावले नाहीत तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. नव्वद दिवस झाले की पुनर्विलोकनाचा अर्ज टाका, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्या. विभागीय चौकशीत पुराव्याचा निकष हलका असतो, त्यामुळे कोर्टातून सुटलेला माणूसही तिथे अडकू शकतो. चौकशीत लेखी म्हणणं देण्याआधी फौजदारी वकिलाला मसुदा दाखवा, कारण तिथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य सरकारी वकील उलटतपासणीत पुढे ठेवू शकतात. आणि ध्वनिफितीची जी प्रत मिळेल तिच्या तीन प्रती करून वेगवेगळ्या जागी ठेवा. अपील उच्च न्यायालयात जाईपर्यंत सीडी खराब झालेली असते, आणि तेव्हा ती पुन्हा मागायला गेलात की मुद्देमाल सापडत नाही.